‘स्टॅटिक’ ही संज्ञा : एक आक्षेप

जावा (१९९५) भाषेने ‘स्टॅटिक’ हा शब्द सी प्लस प्लसमार्फत सी भाषेकडून घेतला. सीमध्ये वर्ग ही कल्पनाच नाही. तेथे फंक्शन संपल्यावरही टिकून राहणाऱ्या चलाला हे विशेषण लागते. त्याचे ‘स्थिर’ हे भाषांतर म्हणूनच विद्यार्थ्यांची दिशाभूल करते. बँकेच्या ‘खाते’ या वर्गात शिल्लक प्रत्येक खात्याची निराळी, व्याजदर मात्र सर्वांचा एकच. हा दर स्टॅटिक असूनही बदलतो. परंतु बदलला की सर्व खात्यांसाठी बदलतो. उलट, शिल्लक स्टॅटिक ठरविल्यास एकाची ठेव सर्वांच्या नावे दिसेल. तात्पर्य, हा भेद स्थिर व अस्थिर यांतील नसून, न्यायशास्त्राच्या परिभाषेत, जाती व व्यक्ती यांतील आहे. स्मॉलटॉक-८०मधील ‘वर्गचल’ व ‘व्यक्तिचल’ या अर्थाच्या संज्ञाच अधिक यथार्थ होत.