चान कोमची ‘निवड’

युकातानमधील चान कोम या माया खेड्यावरील रॉबर्ट रेडफील्ड यांचा पहिला ग्रंथ तेथील शाळाशिक्षक आल्फोन्सो व्हिया रोहास यांच्यासह १९३४ साली निघाला. १९५० च्या पुनर्भेटीच्या ग्रंथास त्यांनी ‘प्रगती निवडणारे खेडे’ असे नाव दिले. यातील ‘निवडणारे’ हे पदच चिंत्य आहे. निवडले कोणी? गावात संपत्तीचे व सत्तेचे थर होते, हे व्हिक्टर गोल्डकाइंड यांनी १९६५ मध्ये दाखविले. रस्ता व शाळा आल्यावरही मिल्पा, म्हणजे मक्याचे शेत, आणि पर्जन्यदेवतांचे आवाहन टिकले, ही रेडफील्ड यांची नोंद मात्र मोलाची. ज्याचे पोट पावसावर, त्याची ती श्रद्धा केवळ जुनेपणाची ओढ नव्हे. पुढे कानकूनच्या पर्यटननगरीत मजुरीस गेलेले व गावी राहिलेले यांच्यातील दुफळी आलिसिया रे क्रूस यांनी १९९६ साली वर्णिली. मिल्पाचा अर्थही दोहोंकडे निराळा झाला होता. रेडफील्ड यांच्या एकमुखी खेड्यात अशा मतभेदास फारशी जागा नाही.