कथानायक आणि गोळी : ‘फँटम स्वीट सिगारेट’ची चिकित्सा

कथा आणि खाद्यपदार्थ यांचे नाते मराठी बालकांना अपरिचित नाही. नरसी नामदेव हे ज्यांचे जन्मस्थान मानले जाते, त्या संत नामदेवांच्या नैवेद्याच्या आख्यायिकेत अन्न कथेच्या आशयापासून वेगळे काढता येत नाही. आधुनिक बाजारपेठ मात्र कथेतील नाव उचलते आणि आशय मागे ठेवते. हर्निक कंपनीची ‘फँटम स्वीट सिगारेट’ हे त्याचे बोलके उदाहरण होय.

ली फाल्क यांचा फँटम १९३६ मध्ये अमेरिकन वृत्तपत्रांतील चित्रमालिकेत अवतरला. टाइम्स ऑफ इंडिया समूहाने १९६४ मध्ये ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केल्यानंतर तो भारतीय बालवाचकांचा नायक बनला. ही लोकप्रियता गोळीचे भांडवल ठरली. लाल टोकाची पांढरी साखरकांडी पाकिटातून काढून ओठांत धरणे, हेच तिचे खरे आकर्षण होते. चव दुय्यम होती.

मूलभूत विसंगती येथेच आढळते. फाल्क यांचा नायक मद्यालयात गेला तरी दूधच मागतो. अशा संयमी नायकाचे नाव धूम्रपानाच्या अनुकरणास देणे म्हणजे कथेचा आशय उलटा करणे होय.

या नाममुद्रेचा आधार दोन्ही बाजूंनी खचला. १९९० मध्ये ‘इंद्रजाल’ बंद पडले. पुढील पिढीकडे नाव आले, नायक आला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या तंबाखू नियंत्रण आराखडा कराराने अनुच्छेद १६ मध्ये तंबाखूजन्य पदार्थांच्या आकाराच्या मिठाईवर बंदीचा उपाय सुचविला. भारताने २००४ मध्ये या करारास अनुसमर्थन दिले. परिणामी, आकर्षणाचा विषय असलेला खेळच आक्षेपार्ह ठरला.

विली वोंकाशी तुलना येथे उद्बोधक ठरते. रोआल्ड डाल यांच्या १९६४ च्या कादंबरीत हावरटपणाचा उपहास आहे. तरीही क्वेकर ओट्स कंपनीने १९७१ च्या चित्रपटास भांडवल पुरविले ते चॉकलेट विकण्यासाठी. तो व्यवसाय १९८८ मध्ये नेस्लेकडे आणि २०१८ मध्ये फेरेरोकडे गेला. वोंकाचे नाव मागे पडले, परंतु त्यातील काही गोळ्या स्वतःच्या चवीवर टिकल्या. फँटमच्या गोळीला असा स्वतंत्र आधार नव्हता.

सारांश, ‘फँटम’ गोळी आज प्रामुख्याने स्मरणरंजनात उरली आहे. तिच्या आठवणीत रमताना, बालकांच्या विश्वासातील नायक कोणत्या सवयीच्या दारात उभा केला गेला, हा प्रश्न मराठी बालसाहित्याच्या अभ्यासकांनी विचारणे आवश्यक आहे.