आरोपीच्या पिंजऱ्यात कवी
ब्रायन मेरीमन हा आयर्लंडच्या क्लेअर परगण्यातला शिक्षक. १७८०च्या सुमारास त्याने आयरिश भाषेत हजारेक ओळींचं ‘मध्यरात्रीचं न्यायालय’ रचलं. न्यायाधीश पऱ्यांची राणी, फिर्यादी बायका, आरोपी लग्न टाळणारे पुरुष. थट्टा सगळ्यांचीच होते. पण शेवटी पकडला जातो तो तिशीचा अविवाहित कवीच. फटके पडणार, तोच त्याला जाग येते. मी अठ्ठावीस वर्षांचा, अविवाहित इंजिनिअर. इथे हसता हसता अंग चोरून बसलो. इतरांवर कोरडे ओढणारे पुष्कळ असतात. मेरीमन पाठ स्वतःची पुढे करतो, म्हणून त्याचा विनोद शहाणा वाटतो. राज्यकर्त्यांना ते जमलं नाही. १९४६मध्ये आयर्लंडने फ्रँक ओकॉनरच्या इंग्रजी अनुवादावर बंदी घातली. मूळ आयरिश काव्य मात्र खुलंच राहिलं. आपली भाषा फारसं कोणी वाचत नाही, याची ही जणू सरकारी कबुलीच!