‘देऊळ’: केशा बदलतो की भाऊ?

उमेश विनायक कुलकर्णी दिग्दर्शित ‘देऊळ’ (२०११) हा भक्तीच्या बाजारावरचा उपहासपट म्हणून ओळखला जातो. त्यातले मूल्यांतर पटते का, हा प्रश्न मात्र मागे राहतो.

करडी गाय शोधताना केशाला (गिरीश कुलकर्णी) झाडाखाली दत्त दिसतो. पुढे मंगरूळमध्ये देऊळ उभे राहते, दुकाने लागतात, पैसा खेळू लागतो. शेवटी हाच केशा मूर्ती उचलून नेतो. वरवर पाहता भक्ताचा बंडखोर झाला. माझ्या मते केशाचे मूल्य बदललेलेच नाही. आपला देव विक्रीला काढला, हे त्याला सोसत नाही. मूर्ती नेतो तीही श्रद्धेपोटीच. कृती म्हणून हे पटते. उणीव आहे ती वाटेत. उत्तरार्धात बाजाराची गर्दी इतकी वाढते की केशा आतून कसा तुटत गेला, ते पुरेसे दिसत नाही.

खरा बदलतो तो भाऊ गलांडे (नाना पाटेकर). अण्णांच्या (दिलीप प्रभावळकर) साथीने त्याला गावात दवाखाना हवा असतो. गावाचा रेटा येताच तो देवळाच्या बाजूला जातो. पश्चात्ताप नाही, भाषणबाजी नाही. काहींना हे वळण घाईचे वाटेल. बीडमध्ये राहून पाहणाऱ्याला तसे वाटत नाही.

या जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसे कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. उचल आधीच घेतलेली, खाडा पडला तर दंड. म्हणून दुखणे अंगावर काढायचे. २०१९मध्ये शासनाने नेमलेल्या समितीपुढे आले की इथल्या तेरा हजारांहून अधिक ऊसतोड बायकांची गर्भाशये काढलेली आहेत. ‘पिशवी काढली’ हे आमच्याकडे बायका चारचौघींत सहज बोलतात. तरी दवाखान्यासाठी वर्गणीची पावती फाडत कोणी दारात येत नाही. देवळासाठी येतात, आणि आपणही देतो. दवाखान्यामागे गर्दी नसते, आणि भाऊला गर्दीची भाषा कळते.

म्हणूनच भाऊचे बदलणे मला केशाच्या बंडापेक्षा अधिक खरे वाटते. मूल्ये बहुधा साक्षात्काराने बदलत नाहीत. एकेका बैठकीत थोडी थोडी सोडली जातात. ‘देऊळ’ने हे न ओरडता दाखवले. चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मंगरूळचा दवाखाना मात्र कागदावरच राहिला. त्याचा हिशेब केशाने नव्हे, भाऊने द्यायचा आहे, आणि त्याला होकार देणाऱ्या आपणही.