‘प्रेसिडेंटेन’ : अपकीर्तीचे भय आणि न्याय

मेलोड्रामा, म्हणजेच अतिनाट्य, हा शब्द समीक्षेत बहुधा निंदार्थीच योजला जातो. योगायोगांची रेलचेल आणि भावनांचा अतिरेक हे त्याचे दोष मानले जातात. मूक चित्रपटांच्या बाबतीत तर ते गृहीतच धरले जातात. डॅनिश दिग्दर्शक कार्ल टेओडोर ड्रायर यांची ‘प्रेसिडेंटेन’ ही पहिली कृती या गृहीताचा फेरविचार करावयास लावते. १९१८ मध्ये चित्रित झालेला हा चित्रपट कार्ल एमिल फ्रान्झोस यांच्या जर्मन कादंबरीवर आधारलेला असून पटकथाही ड्रायर यांचीच आहे.

सेंडलिंगेन घराण्यातील कार्ल व्हिक्टर याने कुलहीन स्त्रीशी विवाह न करण्याची शपथ पित्यासमोर घेतली आहे. घराण्याच्या भग्न गढीत घेतलेल्या त्या शपथेपायी त्याच्या प्रेयसीचा त्याग घडतो. पुढे तो न्यायमंडळाचा अध्यक्ष होतो. एके दिवशी बालहत्येचा आरोप असलेल्या व्हिक्टोरीन नावाच्या तरुणीचे प्रकरण त्याच्यापुढे येते आणि ती आपलीच मुलगी आहे हे त्याला कळते. ती ज्या घरी नोकरीस होती तेथील तरुणाने तिला फसविले आहे. आईचीच कहाणी मुलीच्या वाट्याला आली आहे.

हा योगायोग संविधानकाच्या सोयीपुरता नाही. न्यायासनावरील पुरुष आणि आरोपीच्या पिंजऱ्यातील स्त्री यांचे नाते एरवीही असतेच. कायदा ते पाहत नाही इतकेच. अतिनाट्य त्या अदृश्य नात्याला रक्ताच्या नात्याचे रूप देते आणि ते नाकारणे अशक्य करून सोडते. एका अपराधाचा निवाडा करणारा स्वतःच त्या अपराधाच्या मुळाशी आहे, हे सत्य वास्तववादी शैलीत इतक्या तीव्रतेने क्वचितच मांडता आले असते.

मुलीला देहदंडाची शिक्षा होते; पित्याला मात्र बढती मिळते. नगर त्याचा गौरव करीत असताना तो तुरुंगातून तिची सुटका घडवून आणतो. पदोन्नती आणि पदद्रोह यांची ही सांगड चित्रपटातील सर्वांत बोचरा उपरोध होय. तथापि खरा कळस पुढेच आहे. मुलीचा संसार मार्गी लागल्यावर तो परत येऊन आपला गुन्हा कबूल करतो, तेव्हा त्याला शिक्षा देण्यास कोणीच तयार होत नाही. न्यायसंस्थेची अपकीर्ती टळावी म्हणून त्याने गप्प राहावे, एवढीच अपेक्षा असते. एका निराधार तरुणीला मृत्यूची शिक्षा फर्मावणारी व्यवस्था आपल्यातील अपराध्याची कबुलीही ऐकून घेत नाही. दंड मागूनही न मिळालेला हा मनुष्य अखेर त्या भग्न गढीतच आयुष्य संपवितो.

१८८९ मध्ये जन्मलेले ड्रायर स्वतः एका अविवाहित मातेचे अपत्य होते आणि ती माता १८९१ मध्ये मरण पावली. या माहितीने चित्रपटाचे मूल्य वाढत नाही. पण विषयाच्या निवडीमागील निकड तिने उमगते. अंतःगृहांच्या मांडणीतील संयम आणि दुय्यम भूमिकांतील वृद्ध चेहऱ्यांचा खरेपणा भडक कथानकाला आवर घालतात.

कृतीत उणिवाही आहेत. व्हिक्टोरीनच्या मनात फारसा प्रवेश होत नाही. तिचे दुःख मुख्यतः पित्याच्या पश्चात्तापाचे निमित्त ठरते. ज्या स्त्रीची बाजू कोणी ऐकली नाही म्हणून हा चित्रपट हळहळतो, तिला तोही पुरेसे बोलू देत नाही. न्यायाधीशांच्या चेहऱ्यांपुढे उभी असलेली स्त्री १९२८ च्या जोन ऑफ आर्कवरील त्यांच्या चित्रपटात पुन्हा येते. तेथे प्रेक्षकाची दृष्टी न्यायासनाकडून तिच्या मुखाकडे वळलेली असते. ‘प्रेसिडेंटेन’मध्ये अपुरी राहिलेली सुनावणी तेथे पूर्ण होते.