राष्ट्रीय ग्रीडच्या छायेत : नायजेरियातील प्रादेशिक वीजपुरवठा आणि वीजकायद्यांची चिकित्सा

प्रास्ताविक

तेलसंपन्न देश अंधारात का राहतो, हा प्रश्न नायजेरियाच्या संदर्भात इतक्या वेळा विचारला गेला आहे की त्याचे उत्तरही आता ठरून गेल्यासारखे झाले आहे. रिचर्ड ऑटी यांनी १९९३ मध्ये मांडलेली ‘साधनसंपत्तीचा शाप’ ही संकल्पना पुढे करावयाची, भ्रष्टाचाराचा उल्लेख करावयाचा आणि विषय आटोपता घ्यावयाचा, अशी विवेचनाची रीतच पडून गेली आहे. ही संकल्पना चुकीची आहे असे नाही. परंतु ती संपूर्ण देशाला एकच एक घटक मानून चालते. लागोस, आबा आणि मैदुगुरी या तिन्ही शहरांतील वीज एकाच कारणाने जात नाही. म्हणूनच नायजेरियाच्या वीजप्रश्नाचा विचार तेलाच्या उत्पन्नाइतकाच संघराज्यातील अधिकारवाटपाच्या अंगाने होणे आवश्यक ठरते.

प्रश्नाची व्याप्ती ध्यानात येण्यासाठी काही आकडे पुरेसे आहेत. वीस कोटींहून अधिक लोकसंख्येच्या या देशाची स्थापित वीजनिर्मितीक्षमता सुमारे १३,००० मेगावॅट आहे. परंतु ग्रीडमधून प्रत्यक्षात मिळणारी वीज बहुधा चार ते पाच हजार मेगावॅटच्या आसपास घुटमळते. एकट्या मुंबई शहराची उन्हाळ्यातील कमाल मागणीही चार हजार मेगावॅटच्या घरात जाते. जागतिक बँकेच्या अंदाजानुसार सुमारे साडेआठ कोटी नायजेरियन नागरिकांपर्यंत ग्रीडची वीज पोहोचलेलीच नाही. ज्यांच्यापर्यंत ती पोहोचली आहे, त्यांच्याही दारात जनरेटर असतोच.

घटनेतील एक वाक्यांश

ब्रिटिश राजवटीच्या अखेरच्या काळात, १९५० च्या वटहुकुमाने, नायजेरियाचे वीज महामंडळ स्थापन झाले. १९६२ मध्ये नायजर नदीवरील धरणांसाठी स्वतंत्र प्राधिकरण निर्माण करण्यात आले आणि कैंजी येथील जलविद्युत प्रकल्प १९६९ मध्ये कार्यान्वित झाला. या दोन संस्थांचे विलीनीकरण करून १९७२ मध्ये ‘नेपा’ हे राष्ट्रीय वीज प्राधिकरण अस्तित्वात आले. हा काळ सूचक आहे. यादवी युद्ध १९७० मध्ये नुकतेच संपले होते, लष्करी राजवट होती आणि तेलाचा पैसा केंद्राच्या तिजोरीत वेगाने जमा होऊ लागला होता. तेल, महसूल आणि वीज या तिन्ही गोष्टी एकाच दशकात केंद्राच्या मुठीत गेल्या. ‘नेपा’ या अक्षरांचा ‘वीज कधीच गृहीत धरू नका’ असा विनोदी विस्तार जनतेने केला, तो पुढे संस्थेचे नाव बदलल्यावरही लोकांच्या तोंडी राहिला.

लष्करी राजवट संपून १९९९ मध्ये नवी राज्यघटना लागू झाली. तीत वीज हा विषय समवर्ती सूचीत आला. वरवर पाहता ही मोठीच सवलत होती. राज्यांना वीजकेंद्रे उभारण्यासंबंधी कायदे करता येणार होते. मात्र निर्मिती, पारेषण आणि वितरण यांबाबतचा त्यांचा अधिकार राज्यातील ‘राष्ट्रीय ग्रीडने व्यापलेले नाहीत’ अशा भागांपुरताच मर्यादित ठेवण्यात आला. या वाक्यांशाने पुढील चोवीस वर्षे जे घडविले, ते अनेक घोटाळ्यांनीही घडविले नसेल. ‘व्यापलेला’ याचा अर्थ काय? जेथे खांब आणि तारा आहेत, पण तारांतून आठवड्यात काही तासच वीज वाहते, तो भाग कायद्याच्या दृष्टीने व्यापलेलाच ठरतो. म्हणजे पुरवठा करण्याची जबाबदारी केंद्राने पार पाडली नाही तरी राज्याला तेथे पाय ठेवता येत नव्हता. राज्य सरकारच्या मालकीचा आक्वा इबोम येथील वायुविद्युत प्रकल्प हे याचे बोलके उदाहरण होय. राज्याने प्रकल्प उभारला खरा, परंतु त्याची वीज राष्ट्रीय ग्रीडला द्यावी लागली. ती स्वतःच्याच नागरिकांना वाटण्याचा अधिकार राज्याकडे नव्हता.

या चौकटीतून वाट काढण्याचा एक आरंभीचा प्रयत्न महाराष्ट्रातील वाचकास अपरिचित वाटणार नाही. १९९९ मध्ये लागोस राज्याने एन्रॉन या कंपनीशी तराफ्यांवरील वीजकेंद्रांचा करार केला. त्याच वर्षी मे महिन्यात दाभोळ येथील ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला होता. दाभोळप्रमाणेच लागोसच्या कराराबाबतही वीज कोणत्या दराने घ्यावयाची आणि हमी कोणी द्यावयाची यावरून वाद झाला. करार पुन्हा ठरवावा लागला आणि प्रकल्प एईएस या कंपनीकडे गेला. याच तराफ्यांतील हिस्सा डिसेंबर १९९९ मध्ये मेरिल लिंच या संस्थेला विकल्याचे दाखवून एन्रॉनने नफा फुगविल्याचे प्रकरण पुढे अमेरिकेतील न्यायालयात गाजले. त्या वेळी लागोसचे राज्यपाल होते बोला टिनुबू. राज्याला वीज हवी असल्यास अबुजाकडे पाहावे लागते, हे त्यांच्याइतके जवळून फार थोड्यांनी अनुभवले असेल.

२००५ चा कायदा आणि त्याचे गृहीतक

ओलुसेगुन ओबासांजो यांच्या कारकिर्दीत मार्च २००५ मध्ये वीजक्षेत्र सुधारणा कायदा संमत झाला. निर्मिती, पारेषण आणि वितरण यांची फारकत, स्वतंत्र नियामक आयोग आणि त्यानंतर खासगीकरण असा त्याचा आराखडा होता. त्याच वर्षी जून महिन्यात महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचेही कंपन्यांत विभाजन झाले, हा निव्वळ योगायोग नव्हे. त्या काळात जागतिक वित्तसंस्थांच्या शिफारशीने हा एकच साचा अनेक देशांत फिरत होता. नायजेरियात एका संस्थेच्या अठरा कंपन्या करण्यात आल्या : सहा निर्मितीच्या, एक पारेषणाची आणि अकरा वितरणाच्या. गुडलक जोनाथन यांच्या काळात १ नोव्हेंबर २०१३ रोजी निर्मिती व वितरण कंपन्यांचा ताबा खासगी खरेदीदारांकडे देण्यात आला. पारेषण मात्र सरकारकडेच राहिले.

या आराखड्याचे सर्वांत मोठे वैगुण्य वितरण कंपन्यांच्या निवडीत दिसते. कोण किती किंमत देतो, यापेक्षा वीजगळती आणि वसुलीतील तूट किती वेगाने कमी करण्याचे आश्वासन कोण देतो, हा निकष ठरविण्यात आला. कल्पना आकर्षक होती. परंतु मुळात गळती किती आहे, ग्राहक किती आहेत, मीटर किती घरांत आहेत, याची विश्वसनीय नोंदच उपलब्ध नव्हती. ज्या आजाराचे मोजमापच झालेले नाही, तो लवकर बरा करण्याचे वचन देणाऱ्याला रुग्ण सोपविण्यासारखाच हा प्रकार होता. ताबा घेतल्यानंतर प्रत्यक्ष तूट जवळपास निम्म्या विजेइतकी असल्याचे उघड झाले. खरेदीसाठी घेतलेली कर्जे, नायराचे अवमूल्यन आणि खर्चाशी न जुळणारे दर यांच्या कात्रीत कंपन्या सापडल्या. जुलै २०२२ मध्ये कानो, काडुना आणि बेनिन येथील वितरण कंपन्यांवर कर्ज देणाऱ्या बँकांनी ताबा सांगितला. मीटरअभावी असंख्य ग्राहकांच्या हाती अंदाजाने आकारलेली बिले पडत राहिली. न मिळालेल्या विजेचे बिल भरावयाचे नाही आणि न भरलेल्या बिलामुळे वीज द्यावयाची नाही, असे हे चक्र आहे. त्यात ग्राहक आणि कंपनी दोघेही आपापल्या जागी बरोबरच असतात.

याहून कमी चर्चिली गेलेली बाब म्हणजे या अकरा क्षेत्रांची आखणी. बहुतेक कंपन्यांचे क्षेत्र अनेक राज्यांत पसरलेले होते. त्यामुळे वीज गेली की नागरिक राज्यपालाला दोष देत; राज्यपालाकडे अधिकार नसे. कंपनीचे उत्तरदायित्व अबुजातील आयोगाशी आणि आयोगाचे संघीय सरकारशी. मतदार आणि वीज देणारा यांची गाठ पडेल अशी जागाच या रचनेत नव्हती.

आबा : एका शहराची दोन दशके

याचा परिणाम आबा या शहराने भोगला. आग्नेय नायजेरियातील आबा हे पादत्राणे आणि तयार कपड्यांच्या लघुउद्योगांसाठी पश्चिम आफ्रिकेत प्रसिद्ध आहे. पुढे ऊर्जामंत्री झालेले प्राध्यापक बार्थ न्नाजी यांच्या कंपनीने या शहरासाठी स्वतःचे वायुविद्युत केंद्र आणि स्वतंत्र वितरणक्षेत्र अशी योजना कायद्याच्या आगेमागेच आखली होती. परंतु २०१३ च्या खासगीकरणात आबाचे क्षेत्र एनुगू वितरण कंपनीच्या खरेदीदाराकडे गेले. आधीचा करार खरा की नंतरची विक्री खरी, हा वाद जवळजवळ दशकभर चालला. केंद्राची यंत्रसामग्री जागेवर, वायुवाहिनी घातलेली आणि शहर जनरेटरवर, असे दृश्य त्या काळात होते. २०२२ मध्ये तोडगा निघाला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रकल्पाचे उद्घाटन झाले. येथे ना तेलाची कमतरता होती, ना वायूची, ना उद्योजकतेची. एकाच क्षेत्राचा हक्क शासनाने दोघांना दिला, एवढेच कारण या विलंबामागे होते.

जनरेटर हा या कथेतील दुय्यम विषय मानला जातो, तसा तो नाही. डॅनियल जॉर्डन स्मिथ यांनी ‘एव्हरी हाउसहोल्ड इट्स ओन गव्हर्नमेंट’ (२०२२) या ग्रंथात, पाणी, वीज, सुरक्षा यांची व्यवस्था स्वतःच करणारे नायजेरियन नागरिक शासनाला टाळत नसून उलट त्याच्याशी अधिकच जखडले जातात, असे प्रतिपादन केले आहे. विजेच्या बाबतीत या प्रतिपादनाला आणखी एक आर्थिक पदर जोडता येतो. मे २०२३ पर्यंत पेट्रोलवर मोठे अनुदान होते आणि लहान जनरेटर पेट्रोलवरच चालतो. म्हणजे जनरेटर परवडणाऱ्या घरांना शासन पेट्रोलच्या मार्गाने वीज अनुदान देतच होते. फक्त ते कोणत्याही वीजकायद्यात लिहिलेले नव्हते. ज्याच्याकडे जनरेटरही नाही, त्याला त्यातला वाटा नव्हता. अनुदान उठविले गेल्यावर ही छुपी व्यवस्था कोसळली आणि ग्रीडवरील रोष एकाएकी वाढल्यासारखा दिसू लागला.

वायू दक्षिणेत, तारा उत्तरेकडे

देशातील बहुतांश वीज नैसर्गिक वायूपासून निर्माण होते आणि वायू नायजर त्रिभुज प्रदेशातून येतो. २०१६ च्या प्रारंभी फोर्काडोस येथील वाहिनीवर सशस्त्र गटाने हल्ला केल्यानंतर वायूचा पुरवठा घटला आणि ३१ मार्च २०१६ रोजी काही तास देशाची ग्रीडवरील निर्मिती शून्यावर आली. खनिज तेल व वायू हे पूर्णपणे संघीय विषय आहेत. उत्पादक राज्यांना उत्पन्नातील किमान १३ टक्के हिस्सा मिळतो. ज्या प्रदेशातून वायू जातो, तेथील गावे अंधारात असतात, ही तक्रार त्या हिश्श्याने मिटलेली नाही.

उत्तरेकडील राज्यांची अडचण निराळी आहे. कैंजी, जेब्बा आणि शिरोरो ही जलविद्युत केंद्रे वगळता ती दूरवरून येणाऱ्या मोजक्या उच्चदाब वाहिन्यांवर अवलंबून आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये उग्वुआजी ते आपीर ही ३३० किलोव्होल्टची वाहिनी तोडफोडीमुळे निकामी झाली आणि उत्तरेचा मोठा भाग आठवड्याहून अधिक काळ अंधारात गेला. मैदुगुरीने याहून वाईट काळ पाहिला आहे. जानेवारी २०२१ मध्ये बोको हरामने तेथे जाणारी वाहिनी उद्ध्वस्त केल्यानंतर शहर दीर्घकाळ ग्रीडविना राहिले. उत्तरेला वायू नेण्यासाठी अजाओकुटा, काडुना, कानो या मार्गावरील वाहिनीचे काम २०२० मध्ये सुरू करण्यात आले. सुरक्षेचा प्रश्न न सुटता केवळ नळ घातल्याने तारांची कथा नळांच्या बाबतीत पुन्हा घडणार नाही, याची हमी कोणत्याही आराखड्यात आढळत नाही.

२०२३ नंतर

मार्च २०२३ मध्ये मुहम्मदू बुहारी यांनी घटनादुरुस्तीवर स्वाक्षरी केली आणि ‘राष्ट्रीय ग्रीडने व्यापलेले नाहीत’ ही मर्यादा दूर झाली. त्यानंतर जूनमध्ये नवा वीज कायदा अस्तित्वात आला. त्यावर स्वाक्षरी करणारे राष्ट्राध्यक्ष होते टिनुबू. लागोसच्या राज्यपालाला जे नाकारले गेले, ते अखेर त्यांनीच सर्व राज्यांना दिले, असे म्हणता येईल.

दिले ते काय, हे मात्र तपासले पाहिजे. राज्यांना नियमनाचा अधिकार मिळाला. वायू, राष्ट्रीय पारेषण आणि ग्रीडवरील विजेचा खरेदीखर्च केंद्राच्याच व्यवस्थेत राहिला. ही विसंगती लवकरच समोर आली. एप्रिल २०२४ मध्ये संघीय आयोगाने दिवसाला किमान वीस तास वीज मिळणाऱ्या ‘ए’ गटातील ग्राहकांसाठी दर २२५ नायरा प्रति युनिटपर्यंत वाढविला. पुढे तो काहीसा उतरला. एनुगू राज्याच्या नव्या आयोगाने मात्र आपल्या क्षेत्रातील याच गटाचा २०९ नायरांचा दर ऑगस्ट २०२५ पासून १६० नायरा केला. ग्राहकांनी स्वागत केले. निर्मिती कंपन्या आणि संघीय आयोग यांनी आक्षेप घेतला, कारण हा हिशेब केंद्राच्या अनुदानामुळे स्वस्त पडणाऱ्या घाऊक विजेवर आधारलेला होता आणि त्याच अनुदानापोटी निर्मिती कंपन्यांची थकबाकी २०२५ पर्यंत सुमारे चार लाख कोटी नायरांवर गेली होती.

एनुगूच्या आयोगाला दोष देणे सोपे आहे. वितरणखर्चाची कसून छाननी करणे हेच त्याचे काम होते आणि ती छाननी अबुजाने कधी इतक्या निकराने केली नव्हती. परंतु घाऊक दरातील तूट कोणी भरावयाची, हे घटनादुरुस्तीने सांगितलेले नाही. बहुतेक राज्ये आजही केंद्रीय तेलमहसुलाच्या मासिक वाटपावर चालतात. लागोससारखी स्वतःच्या करांवर उभी राहू शकणारी राज्ये थोडीच आहेत. नियमनाचा अधिकार प्रथम मागून घेणाऱ्यांत एनुगू, एकिटी, ओंडो, लागोस, एडो अशी बहुतांशी दक्षिणेकडील नावे आहेत. बोर्नो आणि योबे ही ईशान्येकडील राज्ये मात्र योला वितरण कंपनीच्या क्षेत्रात येतात. हीच कंपनी तिच्या पहिल्या खासगी खरेदीदाराने बोको हरामच्या हिंसाचाराचे कारण देऊन २०१५ मध्ये सरकारला परत केली होती.