आंब्रिकूरची माणसे

ज्यॉर्ज बेर्नानोस यांची ‘एका खेड्यातील धर्मगुरूची रोजनिशी’ ही १९३६ साली प्रसिद्ध झालेली कादंबरी बहुधा एका संतवृत्तीच्या तरुण फादरांची कथा म्हणून वाचली जाते. आम्हीही ती प्रथम तशीच वाचली. पुनर्वाचनात मात्र आमचे लक्ष फादरांवरून ढळून गावाकडे गेले.

आंब्रिकूर हे नाव खरे आहे आणि तेथील चिखलही खरा आहे. उत्तर फ्रान्समधील आर्त्वा प्रांतात, फ्रेसँ या गावी लेखकाच्या बालपणीचा मोठा काळ गेला. कादंबरीचा बराचसा भाग मात्र त्यांनी माजोर्का बेटावरच्या लख्ख उन्हात लिहिला. तेव्हा ही रिमझिम, ही धुकट वाट आठवणीतूनच आलेली!

गावकऱ्यांशी फादरांची गाठ पडते ती व्यवहारात. वृद्ध फाब्रेगार पत्नीच्या अंत्यविधीच्या खर्चावरून हुज्जत घालतो आणि फादर ओशाळून जातात. धर्मग्रामात वाढलेल्या वाचकाला हा प्रसंग परका वाटू नये. फादर पाव आणि साखर घातलेला दारूचा घोट यांवर दिवस काढतात, कारण पोटात दुसरे काही ठरत नाही. गाव त्यांना दारूडा ठरवून मोकळे होते. त्या पोटात कर्करोग आहे, हे फादरांनाही शेवटी लील शहरात गेल्यावरच कळते.

आमची तक्रार येथेच आहे. पुत्रशोकाने देवाशी वैर धरलेल्या वाड्यावरच्या काउंटेसला लेखकाने कादंबरीतील सर्वांत समर्थ संवाद दिला. शेतात राबणाऱ्यांच्या वाट्याला मात्र कुजबूज आणि संशय एवढेच आले. रोजनिशी एकाच माणसाची, म्हणून तिला एकच खिडकी, हे समर्थन आम्हांला अपुरे वाटते. त्याच खिडकीतून वाडा चांगला स्पष्ट दिसतो. रोबेर ब्रेसाँ यांच्या १९५१ च्या चित्रपटात तर क्लोद लेदू यांच्या चेहऱ्यापुढे गाव आणखीच मागे सरते.

अपवाद एकच, सेराफिता. धर्मशिक्षणाच्या वर्गात फादरांची थट्टा करणारी, त्यांच्याविषयी वाईटसाईट बोलणारी ही शेतकऱ्याची पोर. एका रात्री वाटेत कोसळलेले फादर तिलाच सापडतात. ती त्यांचा रक्ताने, चिखलाने माखलेला चेहरा पाण्याने पुसते, हात धरून त्यांना वाटेला लावते, आणि आपण काय काय बोललो होतो तेही सांगून टाकते. असे आणखी चार प्रसंग बेर्नानोस यांनी लिहावयास हवे होते.